अडवणारं पुस्तक: पक्षी-फुलं ओळखायच्या पुस्तकांचं एक वाचन



व्याख्यानमाला म्हटलं की कादंबरी, कविता, नाटक, चरित्र यांवर बोलणं होतं. आज आम्ही ज्या पुस्तकांबद्दल बोलणार आहोत ती साहित्य म्हणून सहसा कुणी वाचत नाही. त्यांची परीक्षणं क्वचितच येतात. आली तर कागद चांगला आहे, चित्रं रंगीत आहेत, सॅकमध्ये मावतं, एवढ्यावर संपतात. रानात पक्षी, फुलं, फुलपाखरं ओळखायला आपण जी पुस्तकं नेतो, ती ही. इंग्रजीत त्यांना फील्ड गाइड म्हणतात. सोयीसाठी आज आपण त्यांना ओळखपुस्तकं म्हणू.

आम्ही हौशी लोक आहोत. आमच्यापैकी कुणी प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र शिकलेलं नाही. रविवारी दुर्बीण गळ्यात अडकवायची, डबा बांधून घ्यायचा आणि निघायचं, हे बरीच वर्षं चालू आहे. म्हणजे ही पुस्तकं ज्यांच्यासाठी लिहिली जातात ते गिऱ्हाईक आम्हीच. आणि गिऱ्हाइकाला तक्रार करायचा हक्क असतो. (हशा)

तर सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो.

मेळघाटात गेलो होतो. फेब्रुवारी संपत आला होता, साग बराचसा उघडा पडला होता. दुपार कलल्यावर, अजून चांगलं ऊन असताना, एका निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर एक लहान घुबड बसलेलं दिसलं. आमच्यातला एकजण दबक्या आवाजात म्हणाला, "रानपिंगळा!" झालं. दुर्बिणी वर गेल्या. उन्हात बसलाय, बरोबर. शेंड्यावर बसलाय, बरोबर. डोकं एकसारखं तपकिरी वाटतंय, बरोबर. चौघांचं एकमत झालं, मग पुस्तक उघडलं, चित्र जुळलं. वहीत उद्गारचिन्हासकट नोंद केली आणि रात्री फोनवरून चार ठिकाणी कळवलं. दोन मित्रांनी दुसऱ्या दिवशीची कामं सोडून गाडी पकडली.

परत आल्यावर फोटो मोठा करून पाहिला. माथ्यावर पांढरे ठिपके. स्वच्छ, मोजता येतील असे. तो साधा पिंगळा होता, जो आपल्या गावच्या चिंचेवर असतो, एस.टी. स्टँडच्या पिंपळावर असतो. ऊन पाठीमागून येत होतं म्हणून ठिपके दिसले नाहीत, आणि खरं सांगायचं तर आम्ही ते शोधलेही नाहीत.

नंतर विचार करताना आम्हाला एक गोष्ट बोचली. आमच्याजवळ दोन पुस्तकं होती, दोन्ही नावाजलेली. दोन्ही उघडली होती. पण नाव ठरल्यावर उघडली. आणि दोन्ही पुस्तकांनी आम्हाला निमूटपणे होकार दिला. एकानंही अडवलं नाही.

तेव्हापासून ओळखपुस्तक वाचण्याची आमची कसोटी बदलली. पूर्वी विचारायचो, हे पुस्तक नाव किती लवकर सांगतं? आता विचारतो, हे पुस्तक चुकीच्या नावापाशी आपल्याला अडवतं का? या एका प्रश्नावर आज काही पुस्तकं तपासून पाहू.

पण आधी रानपिंगळ्याची गोष्ट पुरी सांगायला हवी, कारण ओळख चुकली की काय होतं हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुठल्या पक्ष्यानं दाखवलेलं नाही. आणि गोष्ट आपल्या खानदेशातली आहे.

१८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या गृहस्थांना आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझरच्या बाजूला हा पक्षी मिळाला. पुढच्या वर्षी अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी, म्हणजे ज्यांना आपण काँग्रेसच्या स्थापनेमुळे ओळखतो त्याच ह्यूमसाहेबांनी, त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नंतर १८८० च्या दशकात खानदेशात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानं त्याचे काही नमुने जमवले. एकूण नमुने मोजून सात. १८८४ नंतर मात्र पक्षी गायब.

गायब, फक्त एक अपवाद सोडून. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात एक नमुना होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, मांडवी, गुजरात, १९१४. माइनर्ट्झहागेन हे मोठं नाव, पराक्रमी सैनिक, प्रचंड संग्रहाचे धनी. चिठ्ठीवर कोण शंका घेणार? पुस्तकांतून ती नोंद खरी म्हणून छापली गेली आणि शोधणाऱ्यांच्या नकाशावर मांडवी पक्की बसली.

पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासिकेनं हे नमुने बारकाईनं तपासले. नाव कुणाचं आहे ते न बघता कातडं कसं काढलंय, कसं भरलंय, कसं शिवलंय ते पाहिलं. कातडं भरण्याची धाटणी ही हस्ताक्षरासारखी असते. ज्याची त्याची वेगळी. मांडवीच्या त्या नमुन्यावर हात दिसला तो डेव्हिडसनचा. म्हणजे संग्रहालयातला खानदेशचा जुना नमुना उचलून, वरवर बदलून, त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे प्रकरण सविस्तर प्रसिद्ध केलं.

त्याच्या आधीच, मांडवी बाजूला ठेवून, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे खऱ्या नमुन्यांच्या जागा धुंडाळायला निघाले होते. पूर्वेकडच्या जागांवर काही हाती लागलं नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, रानपिंगळा समोर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी.

या गोष्टीत लोकांना आवडतो तो शेवट. आम्हाला मधला भाग महत्त्वाचा वाटतो. मधल्या काळात रानपिंगळा पाहिल्याच्या ज्या बातम्या आल्या, त्यांतल्या काही साध्या पिंगळ्याच्या निघाल्या. म्हणजे आम्ही मेळघाटात केली तीच चूक, आमच्याहून जाणत्या लोकांनीही केलेली. त्यामुळे त्या वाचून आम्हाला जरा बरं वाटलं. (हशा) पण विचार करा. एका खोट्या चिठ्ठीनं पक्षी भलत्याच ठिकाणी शोधायला लावला, आणि काही घाईच्या नोंदींनी तो अजून आहे, सापडतोय असा भास तयार केला. ज्या पक्ष्याकडे तातडीनं लक्ष द्यायला हवं होतं त्याचं रान मधल्या शंभर वर्षांत तुटतच होतं.

आता पुस्तकांकडे येऊ.

पहिलं अर्थातच सालिम अलींचं. "द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स", पहिली आवृत्ती १९४१ ची, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची. आमच्यातल्या बहुतेकांची सुरुवात याच पुस्तकानं झाली. या पुस्तकाचा मोठेपणा कशात आहे हे सांगताना लोक चित्रांबद्दल बोलतात. आम्हाला त्याचा खरा शोध वाटतो तो आकार सांगण्याच्या पद्धतीत. पक्ष्याची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगितली तर रानात काय उपयोग? झाडावरच्या पक्ष्याला फूटपट्टी लावता येत नाही. म्हणून सालिम अली मापं घेतात ती चिमणीची, बुलबुलाची, मैनेची, कबुतराची, कावळ्याची, घारीची. अमुक पक्षी मैनेपेक्षा थोडा मोठा, तमुक चिमणीपेक्षा थोडा लहान. अधिक आणि उणे अशी चिन्हं.

यात साधेपणा आहेच, पण त्याहून मोठी एक अट दडलेली आहे. मैनेपेक्षा मोठा म्हणजे काय हे कळायला आधी मैना नीट पाहिलेली असावी लागते. हे पुस्तक वाचकाला दुर्मिळ पक्ष्याकडे धाडण्याआधी अंगणातल्या कावळ्याकडे परत पाठवतं. आमच्या अर्थानं हे अडवणं आहे. जो कावळा पाहत नाही त्याच्या हातात हे पुस्तक चालत नाही. प्रत्येक पक्ष्याखाली खुणा, आढळ, सवयी, घरटं असे नेमके परिच्छेद येतात. सवयींच्या परिच्छेदात पक्षी हलताना, खाताना, भांडताना दिसतो. आपण ज्याला एखाद्याची ढब म्हणतो, लांबून चालीवरून माणूस ओळखतो तसं, ती ढब सालिम अली दोन-तीन वाक्यांत पकडतात.

उणीव सांगायची तर ती निवडीची आहे. पुस्तक निवडक पक्ष्यांचं आहे. देशात त्याहून पुष्कळ जास्त पक्षी आहेत. आणि नवशिक्याची एक खोड असते. समोरचा पक्षी पुस्तकात असणारच असं तो धरून चालतो. मग हिवाळ्यात येणाऱ्या चार-पाच प्रकारच्या पर्णवटवट्यांपैकी पुस्तकात जे एखाद-दोन असतील त्यांतच बाकीच्यांना कोंबलं जातं. निवडक पुस्तकानं पानोपानी सांगायला हवं की बाबा रे, याच्यासारखे आणखी आहेत, ते इथे नाहीत. तिथे हे पुस्तक कमी पडतं.

दुसरा प्रकार चित्रपट्ट्यांच्या पुस्तकांचा. याचं मूळ अमेरिकेत, रॉजर टोरी पीटरसन यांच्या १९३४ च्या पुस्तकात. त्यांनी मिळतेजुळते पक्षी एकाच पानावर, एकाच बाजूला तोंड करून उभे केले आणि फरकाच्या जागी बारीक रेघ काढून जणू बोट ठेवलं. इथे बघ, एवढंच बघ. तोपर्यंत पक्षी खात्रीनं ओळखायचा म्हणजे बहुधा तो बंदुकीनं पाडून हातात घ्यायचा. पीटरसनच्या रेघेनं बंदुकीची गरज संपवायला मोठा हातभार लावला, हे त्या रेघेचं श्रेय. आपल्याकडे १९९८ मध्ये रिचर्ड ग्रिमेट आणि कॅरल व टिम इन्स्किप यांचं भारतीय उपखंडाचं पुस्तक आलं आणि पहिल्यांदाच सगळे पक्षी, नर-मादी, पिल्लं, ऋतूंप्रमाणे बदलणारे पिसारे, एकत्र पाहायला मिळाले. त्याची छोटी आवृत्ती आज कुठल्याही पक्षीनिरीक्षकाच्या सॅकमध्ये सापडेल.

निवडीची उणीव इथे भरून निघाली, पण नवी अडचण आली. चित्र आपल्याशी सहमत व्हायला फार उत्सुक असतं. मनात नाव घेऊन चित्राकडे गेलं की चित्र जुळतंच. मेळघाटात आमचं हेच झालं. पानावर तिन्ही पिंगळे शेजारी शेजारी होते. साध्याच्या माथ्यावर ठिपके, जंगली पिंगळ्याच्या अंगावर माथ्यापासून आडव्या रेघा, आणि रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, छाती गडद, पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे, पंजे दणकट. सगळं छापलेलं होतं. पण आमची नजर सरळ रानपिंगळ्याच्या चित्रावर गेली आणि तिथेच थांबली. शेजारचं चित्र हे खरं तर आपल्या नावाविरुद्धचा साक्षीदार असतं. आम्ही त्याची साक्षच काढली नाही.

म्हणून आम्हाला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांचं २००५ मधलं दोन खंडांचं "बर्ड्‌स ऑफ साउथ एशिया" वाचताना वेगळं काही मिळालं. पहिल्या खंडात चित्रं. दुसऱ्यात मजकूर, आणि त्यात आवाजांचे आलेख. हे पुस्तक वाचायला सुखाचं नाही. भाषा कोरडी, आकड्यांनी आणि संक्षेपांनी भरलेली; सालिम अलींचा गोडवा इथे शोधू नये. पण माइनर्ट्झहागेनच्या प्रकरणातून तावून निघालेल्या बाईंनी लिहिलेलं आहे हे पानापानावर जाणवतं. आधीच्या पुस्तकांतून एकानं दुसऱ्याचं उतरवत आलेल्या नोंदी इथे पुन्हा तपासल्या जातात. माइनर्ट्झहागेनच्या एकट्याच्या भरवशावर उभ्या असलेल्या नोंदी नाकारल्या जातात. अमुक पक्षी इथे आढळतो, या वाक्याच्या मागे कोण उभं आहे, हा प्रश्न एका ओळखपुस्तकानं विचारला. आमच्या कसोटीवर हे पुस्तक सगळ्यात वर बसतं, जरी रविवारी सोबत न्यायला आम्ही दुसरंच उचलत असलो तरी. अडीअडचणीचा मित्र आणि रोजच्या गप्पांचा मित्र दरवेळी एकच नसतो.

आता पक्ष्यांकडून फुलांकडे वळू, कारण अडवण्याची सगळ्यात जुनी रीत वनस्पतिशास्त्रज्ञांकडे आहे. तिला किल्ली म्हणतात. किल्लीत चित्र नसतं. दोन-दोन विधानांच्या जोड्या असतात. झाड मातीत वाढणारं की दुसऱ्या झाडावर? फुलाला मागे नळी आहे की नाही? ओठासारखी पाकळी अखंड की चिरलेली? प्रत्येक जोडीतलं एक निवडायचं, पुढच्या जोडीवर जायचं, असं करत शेवटी नाव. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव, मूळचे स्पेनचे, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवलेले आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झालेले, यांनी झेड. कपाडिया यांच्यासह १९६६ मध्ये "द ऑर्किड्‌स ऑफ बॉम्बे" हा ग्रंथ केला. जुन्या मुंबई इलाख्यातली, म्हणजे बरीचशी आपल्या सह्याद्रीतली ऑर्किड्‌स त्यात आहेत.

पावसाळ्यात सड्यांवर हबेनारिया गटातली जमिनीवरची ऑर्किड्‌स फुलतात. आपण त्यांना आमरी म्हणतो. पांढरी किंवा हिरवट, वीतभर उंच, लांबून सगळी सारखी. पहिल्यांदा किल्ली घेऊन बसलो तेव्हा आम्ही दुसऱ्याच जोडीला अडकलो. किल्ली फुलामागच्या नळीची लांबी विचारत होती, आणि आम्ही काढलेल्या सगळ्या फोटोंत फूल समोरून होतं. सुंदर आलेले फोटो. पण नळी एकाही फोटोत नव्हती. एक पानही धड दिसत नव्हतं. एका फुलासाठी पुन्हा घाट चढलो. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक ऑर्किडचा समोरून, बाजूनं, पानांसह आणि पूर्ण झाडाचा असे चार फोटो घेतो. उपटत तर नाहीच, आणि झाडावरचं ऑर्किड असेल तर ते कुठे आहे हे बोभाटा करून सांगतही नाही, कारण पाठोपाठ पोतं घेऊन कुणीतरी येतं.

हे आम्हाला कुठल्या चित्रानं शिकवलं नसतं. समोरचा फोटो चित्राशी लगेच जुळला असता आणि आम्ही आनंदानं घरी आलो असतो. किल्लीचा दोष एवढाच की ती फार रुक्ष असते, तिची भाषा शिकावी लागते, आणि एका जोडीत चुकलात तर ती पुढचा सगळा रस्ता तितक्याच आत्मविश्वासानं भलतीकडे नेते. पण ती निदान विचारते. तुम्ही हे पाहिलंत का? नसेल, तर पुढे जाऊ नका.

मराठीकडे आलो नाही तर तुम्ही आम्हाला खाली उतरू देणार नाही. (हशा) मराठीत निसर्गावर लिहिणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. मारुती चितमपल्लींच्या "पक्षीकोशा"चं ऋण आपल्या सगळ्यांवर आहे. वनखात्यात हयात काढलेल्या माणसानं रानातल्या लोकांच्या तोंडची नावं, जुन्या ग्रंथांतली नावं गोळा केली. आमचं म्हणणं त्या कोशाबद्दल नाही, त्याच्या वाचकांबद्दल आहे. कोशात नाव मिळालं की ओळख पटली असं आपण समजतो. नाव आणि ओळख या दोन गोष्टी आहेत.

पिंगळ्याचंच घ्या. इंग्रजीतल्या दोन पक्ष्यांना मराठीत तीन नावं फिरताना दिसतात: रानपिंगळा, वनपिंगळा, जंगली पिंगळा. नावं तीन, पक्षी दोन, आणि रान, वन, जंगल यांचा अर्थ एकच. इंग्रजी नावांचं भाषांतर करताना आपण त्या नावातली अडचणही जशीच्या तशी उचलली. कोऱ्या माथ्याचा पिंगळा, रेघांचा पिंगळा, ठिपक्यांचा पिंगळा, अशी नावं असती तर नावानंच आम्हाला मेळघाटात अडवलं असतं. ऑर्किडांत तोच घोळ. झाडावर लोंबणारे गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांचे दोन वेगळे तुरे, एक ऱ्हिंकोस्टायलिस, दुसरं एरिडीस. एका गावात ही सीतेची वेणी आणि ती द्रौपदीची. पुढच्या गावात ती सीतेची आणि ही द्रौपदीची. दोन्ही गावं बरोबर आहेत. फक्त वहीत नुसतं सीतेची वेणी लिहून भागत नाही.

पण लोकांच्या नावांत एक ताकदही आहे, जी छापील पुस्तकांना जमलेली नाही. पावशा घ्या. मृगाच्या तोंडावर ओरडतो तेव्हा शेतकऱ्याला ऐकू येतं, पेरते व्हा. हिंदी मुलखात त्याच आवाजात ऐकू येतं, पी कहाँ. साहेबाला ऐकू आलं, ब्रेनफीव्हर, डोक्याचा ताप! पक्षी एक, ओरडणं एक. पण ज्यानं पेरते व्हा लहानपणी ऐकलंय तो डोळे मिटून पावशा ओळखतो. हाच पावशा गप्प असला की भल्याभल्यांना फसवतो, कारण तो दिसायला थेट शिक्र्यासारखा: राखी पाठ, पोटावर आडव्या रेघा, पट्ट्यांची शेपटी. तेव्हा चोच पाहावी लागते, शिकाऱ्याची आकडी आहे का ती. म्हणजे लोकपरंपरेनं कान तयार केला, डोळ्याचं काम पुस्तकानं करायचं. आणि कान तयार असूनही कोकीळ गातो तेव्हा आपण कवितेत कोकिळेलाच गायला लावलं. गातो तो काळाभोर नर. ठिपक्याठिपक्यांची मादी पानांत लपलेली असते आणि तिचा आवाज वेगळा. इतकी वर्षं कुणी अडवलं नाही, कारण झाडाखाली उभं राहून वर बघायची गरजच वाटली नाही.

शेवटी आजचं सगळ्यात खपणारं ओळखपुस्तक, जे पुस्तकच नाही. मोबाइलमधलं अॅप. आमच्या वयाची माणसं यावर नाकं मुरडतात. आम्ही मुरडणार नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन आम्हीही वापरतो. हिवाळ्यात वटवटे ओळखायला त्यानं आम्हाला मदत केली आहे. पण त्याचीही परीक्षा त्याच कसोटीवर व्हावी. पश्चिम घाटातल्या एका वाटेवर आम्ही ते ऐकायला ठेवलं, तर एकामागून एक नावं येऊ लागली, त्यांत शिक्राही होता. सगळे आवाज एकाच झाडातून येत होते. झाडात बसला होता शेपटीला दोन लांब तारा असलेला भृंगराज, म्हणजे पल्लवपुच्छ कोतवाल, जो नकला करण्यात पटाईत असतो. अॅपनं आवाज बरोबर ओळखले, गाणारा चुकला. मुख्य म्हणजे असं का वाटलं हे ते सांगत नाही. पुस्तक निदान खूण सांगतं, तिच्याशी भांडता येतं. कारण न देणाऱ्याशी भांडणार कसं?

आयनॅचरलिस्टचं एक मात्र आम्हाला मनापासून आवडतं. खात्री नसेल तर ते जातीपर्यंत जात नाही. हा एवढ्या एवढ्या गटातला आहे, असं म्हणून थांबतं. मशीनला जे जमतं ते आम्हाला जमायला काय हरकत आहे? त्याच वेळी तिथली सहमतीची रीत सावधपणे घ्यावी. दुसऱ्यानं आपल्या नावाला होकार दिला म्हणजे पुरावा वाढला असं नाही. मेळघाटात आमचे चार होकार होते.

कुणी म्हणेल, एक पिंगळा चुकला तर काय बिघडलं? हौस आहे, आनंद घ्या. आनंद तर आहेच. पण आज हौशी लोकांच्या नोंदी खरोखर वापरल्या जातात. कुठला पक्षी कुठे उरलाय याचे नकाशे त्यांतून बनतात. एखाद्या टेकडीवर, सड्यावर, पाणथळीवर काही यायचं असेल तेव्हा गावकरी आणि निसर्गप्रेमी त्यांच्या याद्या पुढे करतात. त्या यादीत एक दुर्मिळ नाव चुकीचं निघालं की समोरचा माणूस शांतपणे उरलेल्या दोनशे नावांवर फुली मारतो. आमची खरी भीती ही आहे. आणि याची दुसरी बाजूही आहे. १९९७ नंतर मेळघाटात आणि इतरत्र रानपिंगळे सापडले. २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातसुद्धा त्याची नोंद झाली. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत त्याला अतिसंकटग्रस्तमधून संकटग्रस्त वर्गात आणलं गेलं. कुणीतरी माथा नीट पाहिला, फोटो दिला, शंका घेऊ दिली, म्हणून हे झालं.

आम्ही स्वतःसाठी तीन नियम केलेत. पटले तर घ्या. पक्षी दिसल्यावर पुस्तक उघडण्याआधी वहीत लिहायचं: आकार कुणाएवढा, चोच कशी, माथा कसा, काय करत होता, ऊन कुठून होतं. नाव मनात आलं तर त्याच्या शेजारच्या पक्ष्याचा मजकूर आधी वाचायचा. आणि जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही असं लिहायचं. मेळघाटातली ती नोंद आम्ही खोडली नाही. तिच्यावर आडवी रेघ मारून खाली लिहिलं: साधा पिंगळा, आधी चुकून रानपिंगळा समजलो, माथा तपासला नव्हता. ज्या मित्रांनी गाडी पकडली होती त्यांना फोन करून सांगितलं. ते दोन दिवस भटकले, रानपिंगळा त्यांनाही दिसला नाही. जेवण मात्र आमच्याकडून वसूल केलं. (हशा)

या वहीत आता बऱ्याच ओळी अशा आहेत: आमरी, जात ठरली नाही. चंडोल, तुरा होता, छातीवरच्या रेघा दिसल्या नाहीत, मलबारी की दख्खनी सांगता येत नाही. पूर्वी या ओळींची लाज वाटायची. आता वही उघडली की त्याच आधी वाचतो, कारण त्या दाखवतात पुढच्या खेपेला नेमकं काय पाहायचं आहे ते. येत्या पावसाळ्यात त्या आमरीच्या नळ्या मोजायच्या राहिल्या आहेत. कुणाला यायचं असेल तर खाली भेटा.

इथे थांबतो.